मॅटखालचं पाणी: गाडीतली गळती कशी शोधायची आणि गाडी कशी वाळवायची

तरणा पाऊस लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यासमोर ठरावीक तक्रारींच्या गाड्या यायला लागतात. एकीचं सेंट्रल लॉक आपोआप वर-खाली होतं, एकीचा एअरबॅगचा दिवा विझत नाही, एकीच्या मागच्या काचा मधेच बंद पडतात. माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं, म्हणून माणसं माझ्याकडे वायर तपासायला येतात. मी आधी पायाखालची मॅट बाजूला करतो आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबून धरतो. पुष्कळदा बोटांच्या फटीतून पाणी वर येतं. मालकाला धक्काच बसतो, कारण त्याच्या मते गाडी आतून कोरडी असते.

पहिली गाडी घेतलेल्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही की गाडीच्या कार्पेटखाली फोमचा किंवा नमद्यासारखा जाड थर असतो. पत्र्याचा आवाज आत येऊ नये म्हणून तो घातलेला असतो. हा थर स्पंजासारखं पाणी पितो आणि सोडत नाही. वरचं कार्पेट पंख्यानं, एसीनं दोन दिवसांत वाळतं. खालचा थर महिनाभर तसाच राहतो. त्यातूनच कुबट वास येतो, त्यातूनच पत्रा गंजतो, आणि दाराच्या उंबऱ्यालगत कार्पेटखालून मागं जाणारी वायरिंग त्यातच भिजत पडते. म्हणून वास आला की सुगंधी डबी लावू नका. मॅट उचला.

आधी पाणी कसलं आहे ते ओळखा

पांढरं फडकं किंवा टिश्यू पेपर कार्पेटवर दाबा आणि उजेडात बघा.

पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल, तर ते एसीचं किंवा पावसाचं. मातकट असेल, तर बाहेरून आलेलं. वायपरखालच्या कचऱ्यातून गाळून आलेलं किंवा खालच्या पत्र्याच्या भोकातून उडालेलं. हिरवट, गुलाबी किंवा निळसर रंग असेल, बोटाला चिकट लागत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटरचा कॉइल किंवा त्याचा पाइप गळतोय. अशा वेळी समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि बोनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. हे काम घरी करायचं नाही. कूलंट विषारी असतं; चाखून बघू नका, लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या गाडीपासून लांब ठेवा आणि गाडी थेट गॅरेजला न्या. इंजिन तापून बसलं तर खर्च कुठल्या कुठं जातो.

मग केव्हा ओलं होतं ते लिहून ठेवा

चार-पाच दिवस रोज सकाळी आणि संध्याकाळी हात लावून बघा आणि मोबाइलमध्ये नोंद करा: पाऊस होता का, गाडी चालली की उभी होती, एसी लावला होता का, गाडी उभी करताना तोंड चढाकडे होतं की उताराकडे. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण निम्मी शोधाशोध तिच्यावरच वाचते. पाऊस नसताना, एसी लावून फिरल्यावर ओलं झालं तर पावसाचे सगळे रस्ते बाद. उभ्या गाडीत पाणी आलं तर वरून येतंय. फक्त पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेल्यावर आलं तर खालून. आणि मागच्या काचेचा वॉशर दाबल्यावरच डिकीत ओल दिसत असेल, तर छताच्या आतून मागं जाणारी वॉशरची नळी सुटलेली असते. असं एक बटण कारणीभूत असताना लोक छताचे सगळे सांधे उकरत बसलेले मी पाहिलेत.

नेहमीच्या जागा, याच क्रमानं

मी क्रम सांगतोय तो फुकटात तपासता येतं तिथून सुरू होतो.

पहिली जागा वायपरखालची जाळी. बोनेट उघडा. काचेच्या बुडाशी प्लॅस्टिकची जाळी असते, तिच्याखाली पाण्याची पन्हळ. काचेवरचं सगळं पाणी तिथं उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या आतल्या बाजूनं खाली जातं. भोकं बुजली की पन्हळ तळ्यासारखी भरते आणि पाणी एसीची हवा आत घेणाऱ्या तोंडातून थेट डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. आपल्याकडे हे होण्याला खास कारण आहे. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी चालवली की पाचटाचा भुगा जाळीत जाऊन बसतो. उन्हाळ्यात गुलमोहराच्या बारीक पाकळ्या आणि पानं पडतात. वळवाच्या पहिल्या सरीत त्याचा लगदा होतो आणि जूनपर्यंत तो भोकात घट्ट बसतो. गेल्या वर्षी आमच्या मामांच्या गाडीची जाळी काढली तेव्हा आत काळी, शेणखतासारखी भुसभुशीत माती होती आणि तिच्यात बोटभर उंचीचं रोप उगवलेलं होतं. मूठमूठ करून अर्धं घमेलं निघालं. मग तांब्यानं पाणी ओतलं आणि ते चाकामागून धो धो खाली गेलं. चारशे रुपयांची सिलिकॉनची ट्यूब मामांनी आधीच काचेभोवती फासून ठेवलेली होती. ती नंतर खरवडून काढायला दुपार गेली.

हाच तांब्याचा प्रयोग तुम्हीही करा. पन्हळीच्या एका टोकाला हळूहळू तांब्याभर पाणी ओता. ते लगेच खाली पडताना दिसलं पाहिजे. साचलं तर भोक बुजलंय.

दुसरी जागा एसीची निचरा नळी. एसी चालू असताना गाडीखाली थेंब थेंब पाणी पडणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण. दमट दिवशी पंधरा-वीस मिनिटं एसी चालवूनही खाली एक थेंब पडत नसेल आणि आत डाव्या बाजूला ओल असेल, तर ती नळी बुजलीय. वळणावर डॅशबोर्डमधून पाणी डचमळल्याचा आवाज येतो, तेही याचंच लक्षण. बुजवणारी चीज बहुतेक वेळा धूळ आणि शेवाळ असते, पण एका गाडीत मला कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर सापडलं. महिनाभर गाडी उभी होती, तेवढ्यात तिनं नळीचं तोंड लिंपून टाकलेलं. मऊ नायलॉनची दोरी खालून घालून फिरवली की बहुतेक वेळा नळी मोकळी होते, आणि साचलेलं पाणी एकदम अंगावर येतं. टोकदार तार जोरात खुपसू नका, आतल्या कॉइलला लागते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. रॅम्प असेल तिथंच हे काम करून घ्या.

तिसरी जागा दारं. इथं थोडं थांबू, कारण याविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहे. दाराच्या काचेवरचं पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच. ते तसंच बनवलेलं असतं. आत गेलेलं पाणी दाराच्या खालच्या कडेला असलेल्या लांबट फटींतून बाहेर पडतं. आतल्या पॅडच्या मागं एक प्लॅस्टिकचा कागद चिकट पट्टीनं चिकटवलेला असतो. पाणी पत्र्याच्या बाजूलाच राहावं म्हणून तो असतो. नवे स्पीकर बसवताना, काचेची मोटर बदलताना हा कागद फाडला जातो किंवा परत नीट चिकटवला जात नाही. मग पाणी कागदावरून घरंगळत पॅडच्या खालून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटमध्ये. तुमच्या गाडीत अलीकडे स्पीकर बसवले असतील आणि त्यानंतर ओल सुरू झाली असेल, तर आधी त्याच दाराचं पॅड काढा. कागद परत चिकटवायला ब्युटाइलची पट्टी मिळते, लक्ष्मीपुरीत किंवा गाडीच्या सामानाच्या दुकानात विचारा. पॅकिंगची खाकी टेप दोन महिन्यांत सुटते. आणि दार उघड-मिट करताना आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर खालच्या फटी काडीनं मोकळ्या करा. त्यात चिखल बसलेला असतो.

दाराभोवतीचं रबर, ज्याला आपण बीडिंग म्हणतो, त्याची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखा अडसर जाणवला पाहिजे. जिथं पट्टी सहज निघते तिथं रबर दबून सपाट झालंय.

चौथी जागा सनरूफ, असेल तर. सनरूफ पूर्ण पाणीबंद नसतो. त्याच्याभोवती पन्हळ असते आणि कोपऱ्यांतून बारीक नळ्या छत पेलणाऱ्या खांबांमधून खाली उतरतात. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी घाला आणि खाली कुठं पडतं ते बघा. जो कोपरा पाणी घेत नाही, ती नळी बुजलीय. कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह आवरा. आतला सांधा सुटला तर पाणी कायमचं छतात उतरतं आणि मग सगळं छत खाली काढावं लागतं.

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर मागच्या दिव्यांमागची गॅस्केट, डिकीचं रबर आणि मागच्या बंपरमागच्या हवेच्या झडपा बघा. छतावर डाग दिसत असेल तर अँटेनाचं बूड आणि कॅरिअरचे बोल्ट. फ्लोअरच्या पत्र्यातली रबरी बुचं निखळलेली असतील तर ती पाच मिनिटांत बसतात.

नळीची परीक्षा

डोळ्यांनी काही सापडलं नाही तर पाणी मारून बघायचं. पण आधी आतलं पाणी शक्य तेवढं टिपून घ्या. ओल्या गाडीत नवं पाणी दिसत नाही, आणि या चुकीमुळे लोकांचा रविवार वाया जातो. दाराच्या उंबऱ्याचं प्लॅस्टिक वर ओढून काढा, कार्पेट पायाशी मागं दुमडा आणि उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर फिरवा. घरात पांढरी बारीक रांगोळी असेल तर तीही चालते. पाण्याचा एक ओघळ आला तरी पावडरीत त्याची वाट स्पष्ट उमटते.

आता एक माणूस टॉर्च घेऊन आत, सगळी दारं बंद. दुसरा बाहेर, बागेला पाणी घालायची साधी नळी घेऊन. तोंडाला जोराचा नोझल नको. पाऊस फवाऱ्यासारखा नसतो. सर्व्हिसिंगच्या प्रेशरच्या पाइपनं तर चांगलं रबरही गळतं आणि तुम्ही भलत्याच जागी जाता. सुरुवात खालून करायची. आधी दाराची खालची कड, मग काचेचं बूड, मग खांब, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच ते दहा मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्याच जागांवरून वाहतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

आतल्या माणसानं घाई करायची नाही. पाणी जिथं दिसतं तिथं ते शिरलेलं असतंच असं नाही. समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी खांबाच्या आतून उतरतं, डॅशबोर्डमागच्या वायरच्या जुडग्यावरून सरकतं आणि जुडगं जिथं सगळ्यात खाली वाकतं तिथं ठिबकतं. थेंब दिसला की त्याच्या वरती हात लावत जा, ओल संपेल तिथं थांबा. मुलगा किंवा मुलगी दहा-बारा वर्षांची असेल तर तिला आत बसवा. बारक्यांची नजर आणि हात दोन्ही डॅशबोर्डखाली चांगले पोचतात.

तरीही सापडलं नाही तर उलटं करा. गाडी उघड्या जागी चालू ठेवून सगळ्या काचा बंद, पंखा पूर्ण वेगानं, बाहेरची हवा आत घेणारी खूण चालू. आत दाब तयार होतो. मग बाहेरून काचेच्या कडांवर आणि सांध्यांवर भांड्याच्या साबणाचा फेस लावा. जिथं फुगे धरतात तिथं फट.

दुरुस्तीबद्दल एकच सांगतो: सिलिकॉन हा पहिला उपाय नाही. समोरची काच ज्या चिकट मसाल्यानं बसवतात त्याला सिलिकॉन लागलं की पुढं तो नीट धरत नाही, आणि काच काढून पुन्हा बसवायची वेळ आली तर कारागीर वैतागतो. काचेतून पाणी येतंय हे नळीच्या परीक्षेत पक्कं झालं तर काच बसवणाऱ्याकडेच जा.

वाळवणं, म्हणजे खरं काम

गळती बंद झाली म्हणजे निम्मं काम झालं. कोल्हापूरच्या जुलैत हवाच इतकी ओली असते की काचा उघड्या ठेवून गाडी वाळत नाही, उलट ओल आत घेते. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं बंद गाडीतला फोम काय वाळणार?

सीट काढण्याआधी चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर असतं, ते एअरबॅगचं. ते सोडवलेलं असताना चावी फिरवू नका, नाहीतर डॅशवरचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरींना हात लावू नका. ती गाडी कंपनीच्या माणसाकडे द्या.

सीट बहुतेक गाड्यांत चार बोल्टवर असते. ती निघाली की कार्पेट उचला आणि खालचा थर मोकळा करा. सुटा निघत असेल तर बाहेर काढा, नाहीतर कडेनं लाकडाचे ठोकळे लावून वर धरा. ओला कचरा ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम. नसेल तर जुना टॉवेल पसरा, त्यावर गुडघे टेकून वजन द्या आणि पिळा, परत पसरा. एका बाजूच्या थरातून मी अर्धी बादली पाणी पिळलेलं आहे. टॉवेल ओला होणं थांबेपर्यंत हे करत राहा.

मग हवा. टेबल फॅन दारात ठेवा, वारा कार्पेटच्या वर नाही, खाली गेला पाहिजे. रात्रभर, दोन रात्री, तीन रात्री. बाहेर काढलेला थर सोप्यात किंवा पोर्चमध्ये दांडीवर टाका, पंख्याखाली. श्रावणात ऊन पडलं की तो गच्चीवर न्या आणि सर येण्याआधी उचला. पाऊस सलग असेल तर आठवडा धरूनच चाला. सीट परत बसवून बॅटरी जोडल्यावर एसीचा उपयोग होतो: काचा बंद, आतलीच हवा फिरवणारी खूण, एसी चालू आणि तापमान गरमकडे. एसी हवेतली ओल ओढून नळीतून बाहेर टाकतो. अर्धा अर्धा तास, दिवसातून दोनदा. हे फक्त उघड्या जागेत करायचं. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. शेगडी, निखारे, हॅलोजन असलं काही गाडीत नेऊ नका.

कार्पेट उघडं आहे तोवर वायरिंग बघून घ्या. हा माझा आग्रह आहे, कारण याचाच खर्च नंतर मोठा येतो. उंबऱ्यालगतचं जुडगं हातानं चाचपा. टेप सैल आणि ओली लागत असेल तर ती सोडवा आणि आतल्या वायरी मोकळ्या वाळू द्या. ओल्यावर नवी टेप गुंडाळलीत तर पाणी आतच कोंडतं. कनेक्टर एकेक करून उघडा. पितळेच्या पिनांवर हिरवी पूड दिसली तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशनं घासा आणि वाळल्यावरच जोडा. वायर तांब्यापर्यंत काळी पडली असेल तर तेवढा तुकडा बदलून घ्या. पत्र्यावर गंजाचे ठिपके असतील तर पॉलिश पेपरनं घासून गंज थांबवणारा प्रायमर मारा, त्यावर रंग.

बुरशीसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन फवारा, कपड्यानं पुसा. वासासाठी खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी ओढून घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नको, त्यातून विषारी वायू निघतो. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर भिजला असेल तर तो वाळवत बसू नका, नवा घाला.

पुराचं पाणी वेगळं

वरचं सगळं गळतीसाठी आहे. 2019 आणि 2021 सारखा पूर येऊन गाडी सीटपर्यंत बुडाली तर यातलं काही करायचं नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की गाडी उंचावर हलवा, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. बुडालीच तर चावी फिरवू नका, धक्का मारून चालू करायचा प्रयत्न नको. इंजिनमध्ये पाणी असताना ते फिरलं तर आतले दांडे वाकतात. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विम्याच्या कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या.

परत बसवल्यावर

कार्पेट वाळलं हे हातानं ठरवू नका. वर्तमानपत्राची दुहेरी घडी फोमच्या खाली, पत्र्याला लागून सरकवा आणि मग कार्पेट बसवा. एक कोपरा उचलता येईल असा ठेवा. रोज सकाळी घडी ओढून बघा. कागद मऊ, गार किंवा सुरकुतलेला निघाला तर अजून ओल आहे, किंवा गळती पूर्ण बंद झालेली नाही. घडी बदला, पंखा परत लावा. एक चांगला मोठा पाऊस मधे होऊन गेला आणि तरी सलग आठ दिवस कागद खडखडीत निघाला, की उंबऱ्याचं प्लॅस्टिक दाबून बसवा आणि मॅट टाका.